बाबांचा आवाज आणि हजार रुपयांचा माइक

परवा ताईचा फोन आला. "अरे, तो व्हिडिओ पाहिला. बाबांचं बोलणं इतकं स्वच्छ कसं काय ऐकू येतंय? नवीन कॅमेरा घेतलास का?" म्हटलं, कॅमेरा तोच, जुना. तिचा विश्वास बसेना. मग मामेभावाने विचारलं, मग एका ब्लॉगर मित्राने. त्यालाही त्याच्या आजीला रेकॉर्ड करायचंय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकावं म्हटलं. म्हणजे माझे पैसे आणि वेळ कुठे वाया गेला तेही नोंदवलं जाईल, आणि तुमचा वाचेल.

तर झालं असं.

बाबांना पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरतो, चाल मंदावली आहे, ते सगळं दिसतं. पण या आजारात आवाजही हळूहळू बारीक होत जातो, हे मला उशिरा कळलं. त्यातली गंमत (गंमत म्हणायची तर) अशी की बोलणाऱ्याला ते समजत नाही. त्याला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. समोरचा सारखं "काय? काय म्हणालात?" करतो तेव्हा त्याला वाटतं, लोकांचेच कान बिघडलेत. आणि मग माणूस बोलणंच कमी करतो. आमच्याकडे नेमकं हेच चाललं होतं. आठ जणांच्या जेवणात बाबा एखादं वाक्य बोलायचे, कोणाला ऐकू जायचं नाही, गप्पा पुढे निघून जायच्या. बाबा मग ताटाकडे बघत राहायचे.

बाबा कंपोझिटर होते. पेठेतल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. तो धंदा आता उरलेला नाही. आधी ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर आला आणि खिळे भंगारात किलोवर गेले. देवनागरीचे खिळे म्हणजे काही इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरं नव्हेत. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने-मात्रा, वेलांट्या, रफार मिळून केसमध्ये शेकडो घरं. आणि हे सगळं उलटं वाचायचं, आरशातल्यासारखं. बाबा म्हणायचे, "डोळा कॉपीवर, हात केसवर. हाताला घर माहीत असलं पाहिजे." हे सगळं त्यांच्या तोंडून नोंदवून ठेवायचं, असं मी पाच-सहा वर्षं म्हणत होतो. म्हणण्याला काय लागतं?

शेवटी २०२३च्या दिवाळीत बसलो. तिकाटण्यावर हँडीकॅम लावला, समोर आरामखुर्चीत बाबा. त्या दिवशी त्यांची तब्येत छान होती. त्यांनी पानशेतच्या पुरापासून सुरुवात केली. १२ जुलै १९६१. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे. पूर ओसरल्यावर छापखान्यात चिखल काढायला पोरं हवी होती, म्हणून ते गेले आणि तिथेच राहिले. त्यांची पहिली नोकरी म्हणजे चिखलात मिसळलेले खिळे वेचून, धुऊन, वाळवून परत ज्याच्या त्याच्या घरात टाकणं. अक्षरओळख तिथेच झाली, उलटी. चाळीस मिनिटं ते बोलले. मी खुर्चीशेजारी बसून ऐकत होतो, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू आलं.

रात्री लॅपटॉपवर लावलं. पंखा. नुसता पंखा. त्याच्या मागे फ्रिजची घरघर, खालून गेलेली रिक्षा, एकदा कुकरची शिट्टी (ती मात्र काय सुरेख आली होती!) आणि मध्येमध्ये बाबांच्या आवाजाचे तुकडे. चित्र स्वच्छ. ओठ हलताहेत, डावा हात हवेत खिळा उचलतोय. शब्द नाहीत. आवाज वाढवला की पंखाही तेवढाच वाढायचा. साफ करायची सॉफ्टवेअरं वापरून पाहिली. पंख्याबरोबर बाबाही पुसले गेले. जे मुळात नोंदलंच गेलेलं नाही ते कुठलं सॉफ्टवेअर आणणार?

दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "बाबा, पुन्हा सांगता का?" ते म्हणाले, "काल सांगितलं ना." आणि त्यांनी तो व्हिडिओ बघायला मागितला. थोडा वेळ ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी एवढा हळू बोलतो?"

मी पंख्यावर ढकललं.

असो. तर माइक घ्यायचा ठरलं. बजेट फार नव्हतं. घरात औषधांचाच खर्च बराच आहे, आणि हौशी कामासाठी कॅमेऱ्याइतक्या किमतीचा माइक घेणं मनाला पटत नव्हतं.

पहिली चूक सांगतो. मी दुकानात गेलो आणि "कॅमेऱ्यासाठी चांगला माइक" मागितला. दुकानदाराने कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा, वितीएवढा लांब शॉटगन माइक दाखवला. दिसायला एकदम सिनेमावाला! हा फक्त समोरचा आवाज पकडतो, बाजूचा सोडतो, असं त्याने सांगितलं. ते खोटं नाही. साडेतीन हजार मोजले, घरी आलो, लावला. फरक पडला, नाही असं नाही. पण बाबा अजूनही विहिरीतून बोलल्यासारखे वाटत होते. माइकमध्ये दोष नव्हता. दोष माझ्या समजुतीत होता. मला वाटत होतं, दुर्बीण जशी लांबची वस्तू जवळ आणते तसा हा माइक लांबचा आवाज जवळ आणेल. तसं काही नसतं. तो बाजूचा आवाज कमी करतो, इतकंच. आणि आमच्या हॉलसारख्या खोलीत, खाली फरशी, वर स्लॅब, समोर काचेचं कपाट, बाबांचा आवाज या सगळ्यांवर आपटून पुन्हा समोरूनच माइकमध्ये शिरतो. बंद खोलीत आणि लांबून, शॉटगनचा फारसा उपयोग नाही. मोकळ्या जागेत तो खरा कामाचा.

मग शांतपणे थोडं वाचलं, आणि शाळेत शिकलेलं पदार्थविज्ञान तीस वर्षांनी उपयोगी पडलं. अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. वर्गाचा व्यस्त नियम. कॅमेरा बाबांपासून आठ फुटांवर होता. म्हणजे शहाण्णव इंच. माइक जर त्यांच्या हनुवटीखाली आठ इंचांवर आला तर अंतर बारा पटींनी कमी, आणि थेट पोचणारा आवाज १४४ पट. डेसिबलच्या भाषेत एकवीस-बावीस. पंखा मात्र माइकला जवळजवळ तेवढाच दूर राहतो, त्यामुळे त्याचा आवाज होता तिथेच. माइक कितीही भारी घ्या, जवळ नेण्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा नाही.

ही गोष्ट तशी जुनीच आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांच्या ध्वनिमुद्रिका झाल्या तेव्हा माइक नव्हताच. एका कर्ण्यात तोंड घालून गायचं, तिकडे सुई तबकडीवर रेघ ओढणार. विजेच्या माइकने ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९२५ पासून. आपल्या डोळ्यांना कर्णा हास्यास्पद वाटतो, पण त्या लोकांना मुद्दा पक्का कळलेला होता. तोंड जवळ पाहिजे!

तर, हवा होता कॉलरला लावायचा क्लिपचा माइक. टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांच्या कोटावर असतो तो. आणि इथे सुखद धक्का असा की शॉटगनपेक्षा हा कितीतरी स्वस्त. मी बोया कंपनीचा बीवाय-एम१ घेतला, हजार रुपयांच्या आसपास. सहा मीटर लांब वायर, एक छोटी गोल बटन बॅटरी, एक स्पंजची टोपी. इतका स्वस्त कसा, असा प्रश्न मला पडला होता. याचं कारण त्याच्या आतली इलेक्ट्रेट कॅप्सूल. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी असा माइक बनवला की ज्याच्या पातळ पडद्यात विद्युतभार कायमचा साठून राहतो. त्यामुळे जुन्या कंडेन्सर माइकसारखा मोठा दाब बाहेरून द्यावा लागत नाही, थोडीशी वीज पुरते. तेव्हापासून फोनमध्ये, खेळण्यांत, कानयंत्रात असे अब्जावधी माइक बनले आणि किंमत उतरत गेली. म्हणजे हजार रुपयांतला बराचसा भाग वायर, क्लिप आणि खोक्याचाच असावा. :)

घेण्याआधी काय बघावं, ते क्रमाने लिहितो, कारण ताईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

सगळ्यात आधी कॅमेऱ्याला माइक लावायचं भोक आहे का ते बघा. हसू नका. स्वस्त हँडीकॅमपैकी पुष्कळांना ते नसतंच, आणि मग बाहेरचा कुठलाही माइक घेतलात तरी लावणार कुठे? माझ्याला सुदैवाने आहे. दुसरं, पिन. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर काळ्या पट्ट्या मोजा. दोन असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर फोनची. दिसतात सारख्या, पण नीट जुळत नाहीत. मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागतो. माझ्या माइकवर यासाठी बटण आहे, एकीकडे फोन, दुसरीकडे कॅमेरा. ते कॅमेऱ्याकडे ठेवायचं आणि काम झालं की आठवणीने परत फिरवायचं, नाहीतर बॅटरी संपते. (मी विसरलो. बॅटरी संपली. दुसरा रविवार फुकट गेला.) तिसरं, मोठ्या तीन पिनांचे, स्टुडिओतले माइक कितीही चांगले असले तरी त्यांना बहुधा अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात. छोट्या कॅमेऱ्याच्या भोकातून जेमतेम दोन-चार व्होल्ट येतात. तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका.

बिनतारी माइकचाही विचार केला होता. हल्ली ते पुष्कळ स्वस्त झालेत आणि चालत-फिरत बोलणाऱ्यांसाठी उत्तमच. पण बाबा खुर्चीतून उठणार नव्हते. मग चार्जिंग कशाला सांभाळा? शिवाय अनेकांत आपोआप गोंगाट काढायची सोय असते. बारीक आवाजाच्या माणसाच्या बाबतीत मला तिची भीती वाटते. त्या यंत्राने श, स, ह यांना गोंगाट समजून काढून टाकलं तर? कंपोझिटरच्या तोंडची अक्षरं गाळलेली त्यांना चालली नसती. वायर दिसते हे खरं, पण दिसेना का. आपल्याला कुठे ती लपवून सिनेमा काढायचाय?

आणि ज्यांना हेही नको, त्यांच्यासाठी बिनपैशाचा उपाय. घरातला जुना फोन रेकॉर्डिंगवर लावून बोलणाऱ्याच्या छातीपाशी, खिशाच्या बाहेर राहील असा ठेवा. फोन विमान मोडवर. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. नंतर कॉम्प्युटरवर दोन्हीकडची टाळी जुळवली की झालं. फार लांब रेकॉर्डिंग असेल तर शेवटी आवाज आणि ओठ किंचित पुढेमागे होतात, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून नव्याने सुरू करा. आठ फुटांवरच्या कॅमेऱ्यापेक्षा जवळ ठेवलेला फोन चांगला. मी हे आधी केलं असतं तर ती दिवाळी वाया गेली नसती.

माइक आला, तरी पहिल्या प्रयत्नात खर्र खर्र. बाबांचा उजवा हात थरथरतो, त्याने शर्ट हलतो, शर्टाने वायर हलते आणि वायरीतून तो आवाज थेट माइकमध्ये जातो. मग क्लिप डाव्या बाजूला घेतली. वायरीचा एक छोटा वेढा करून शर्टाच्या आतून चिकटपट्टीने लावला, म्हणजे ओढ आली तरी ती वेढ्यापाशीच थांबते. इस्त्रीचा कडक शर्ट काढून जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती सदरा घातला. बाबा म्हणाले, "व्हिडिओ काढायचा आणि हा सदरा?" म्हटलं, आवाजासाठी. "बरं," म्हणाले. कामासाठी म्हटलं की ते ऐकतात.

मग खोली. पंखा बंद. फरशीवर दोन गोधड्या, काचेच्या कपाटावर आईची जुनी नऊवारी. फ्रिज बंद केला आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. ही युक्ती ध्वनिमुद्रणवाल्या लोकांची आहे. बाहेर पडताना किल्ली सापडत नाही, तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होते! कॅमेऱ्यात आवाजाची पातळी आपोआप ठरते ती सोय बंद केली. नाहीतर बाबा श्वास घ्यायला थांबले की कॅमेऱ्याला वाटतं आवाज कमी पडला, तो पातळी वाढवतो आणि सूंऽऽ असा आवाज वर येतो. आणि बाबा तर हल्ली बरेचदा थांबतात. शेवटचं म्हणजे कानाला हेडफोन. डोळ्यांनी माइक तपासता येत नाही. हे एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी हा लेख कारणी लागला.

वेळ सकाळी दहाची. गोळी घेतल्यावर तासाभरात त्यांचं अंग जरा सैल होतं.

हेडफोन घातला आणि म्हटलं, "बोला काहीतरी." बाबा नेहमीच्या, म्हणजे हल्लीच्या आवाजात म्हणाले, "काय बोलू?"

ते माझ्या कानात आलं. शेजारी बसल्यासारखं नव्हे, त्याहून जवळ. श्वासासकट. लहानपणी ते मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे आणि मागून काहीतरी सांगत असायचे, तसं. मी काही बोललो नाही. हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला आणि म्हटलं, आता बोला. ते म्हणाले, "क, ख, ग." मग ऐकून थोडं थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आवाज आहे अजून."

त्यानंतर ते तासभर बोलले. दिवाळीत सांगितलं तसं सगळं नाही आलं. तेव्हा त्यांनी चिखलाच्या वासाचं काहीतरी सांगितलं होतं, एका जुन्या कंपोझिटरचं नाव घेऊन एक किस्सा सांगितला होता. या वेळी ते नाव त्यांना आठवलं नाही आणि मलाही नाही. ते गेलं. मी मुद्दाम लिहितोय, कारण शेवट गोड झाला की आपण काय हरवलं ते विसरतो. पाच-सहा वर्षं आधी हजार रुपये खर्च केले असते तर ते नाव आज आपल्याकडे असतं.

संध्याकाळी त्यांना रेकॉर्डिंग ऐकायचं होतं. प्रूफ तपासायला बसावं तसे बसले, चष्मा लावून. (चष्मा कशाला, ते विचारू नका.) दोनदा थांबवून म्हणाले, इथे मी चुकलो, हे पुन्हा घे. दुसऱ्या दिवशी तेवढं पुन्हा घेतलं.

एका ठिकाणी मी स्वतःच थांबवलं. हा कॉलरचा माइक सगळ्या दिशांचा आवाज घेतो. हा त्याचा अवगुण समजतात. तर बाबा खिळे धुण्याबद्दल बोलत असताना स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला होता, लांबून पण स्पष्ट: "सासूबाईंनी घरात घेतलं नव्हतं, ते सांगा की!" चिखलाने माखलेल्या बाबांना आजीने नळाखाली बसवून आंघोळ घातल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नव्हता म्हणे. आईचं लग्न व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट, पण ती तिने सासूकडून ऐकलेली. आणि त्यावर बाबा हसले होते. या आजारात चेहराही कमी हलतो, बाबांचं हसू आम्ही फारसं पाहत नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

मी म्हटलं, "बाबा, आईचं मध्ये बोलणं काढून टाकतो. मग सलग होईल."

बाबांनी मान हलवली. थरथरत्या बोटाने लॅपटॉपच्या पडद्यावर, आवाजाच्या त्या नागमोडी रेघेखाली, टिंबं काढल्यासारखं केलं. एक, दोन, तीन. मला कळेना. मग आठवलं. प्रुफात एखादा शब्द चुकून खोडला असेल आणि तो ठेवायचा असेल, तर त्याच्या खाली टिंबं देतात. म्हणजे, आहे तसंच राहू द्या.

ताई, म्हणून तो आवाज तिथे आहे. माइकचा दोष नाही.